भाद्रपदातील भटकंती आणि मेळघाटचे अरण्य

सेमाडोह (ता. चिखलदरा) : पोळा सरतो, बैलांच्या शिंगांवरचा रंग उतरू लागतो आणि गावोगावच्या कुत्र्यांचे वागणे पालटते. एरवी दुपारभर सावलीत पाय पसरून पडणारा, हाक मारली तरी केवळ एक कान हलविणारा नर या दिवसांत भाकरीकडे पाठ फिरवतो, रात्री घराबाहेर काढतो आणि चार-सहा दिवसांनी फाटलेला कान व लंगडता पाय घेऊन अंगणात परततो. मराठी माणसाने या अवस्थेची नोंद फार पूर्वीच करून ठेवली आहे. ‘भाद्रपदातला कुत्रा’ हे शब्द आपण माणसाला उद्देशून कुचेष्टेने वापरतो. परंतु त्यामागे प्राण्यांच्या ऋतुचक्राचे एक अचूक निरीक्षण आहे, हे सहसा कोणी ध्यानात घेत नाही.

शहरात या भटकंतीचे पर्यवसान फार तर रात्रीची झोपमोड, रहदारीतील अपघात आणि महापालिकेकडे जाणाऱ्या तक्रारी यांत होते. परतवाड्याहून धारणीकडे जाणाऱ्या घाटरस्त्यावर, सिपना नदीच्या काठी वसलेल्या सेमाडोहची गोष्ट निराळी आहे. येथे गावाची शेवटची झोपडी संपते तेथूनच जंगल सुरू होते. देशात १९७३-७४ मध्ये सर्वप्रथम निवडलेल्या नऊ व्याघ्रप्रकल्पांपैकी एक असलेल्या मेळघाटच्या पोटातील हे गाव आहे. माजावर आलेल्या मादीच्या वासाने एका गावातून दुसऱ्या गावाकडे निघालेला नर येथे ज्या पायवाटेने जातो, त्याच वाटेवर रानकुत्र्यांचे, कोल्ह्यांचे आणि बिबट्याचे पाऊल पडते. म्हणूनच नर कुत्रे एकमेकांशी कसे वागतात, हा वरवर क्षुल्लक वाटणारा प्रश्न मेळघाटात सार्वजनिक आरोग्याचा आणि वन्यजीव संरक्षणाचा प्रश्न ठरतो. भटक्या कुत्र्यांविषयी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयापासून गल्लीपर्यंत जी चर्चा रंगली, तिच्या केंद्रस्थानी शहरे होती. अरण्यातील गाव त्या चर्चेत अभावानेच आढळले.

वासाची भाषा

दोन अनोळखी नर समोरासमोर आले की त्यांच्यात जे घडते त्याला आपण सरसकट ‘भांडण’ म्हणतो. वस्तुतः त्यातील बहुतांश भाग हा भांडण टाळण्याचा प्रयत्न असतो. दोघेही पाय ताठ करतात, शेपूट उंच धरतात, मानेपासून पाठीपर्यंतचे केस पिंजारतात. मग वर्तुळात फिरत एकमेकांना, विशेषतः मागील बाजूस, हुंगतात. या हुंगण्यातून समोरच्याचे लिंग, वय, प्रकृती यांचा अंदाज त्यांना येतो, असे मानले जाते. बळाचा अंदाज आला की त्यांपैकी एक नजर वळवतो, अंग आखडून घेतो, प्रसंगी जमिनीवर लोळण घेतो आणि प्रकरण तेथेच मिटते. दात लागण्याची वेळ येते ती मुख्यत्वे तीन प्रसंगी : दोघेही तुल्यबळ असतील तेव्हा, मागे सरायला जागा नसेल तेव्हा, किंवा जवळपास माजावर आलेली मादी असेल तेव्हा.

खांबावर, झाडावर, मोटारीच्या चाकावर तंगडी वर करून मूत्राचे चार थेंब सोडणे, ही याच भाषेतील लेखी नोंद होय. वयात आलेल्या नरामध्ये ही सवय प्रकर्षाने दिसते. पुढे येणारा नर ती नोंद हुंगून ‘वाचतो’ आणि तिच्यावर आपली नोंद करून पुढे जातो. पश्चिम बंगालमधील मोकाट कुत्र्यांचा दीर्घकाळ अभ्यास करणारे सुनीलकुमार पाल यांनी २००३ मध्ये याच विषयावर स्वतंत्र शोधनिबंध प्रसिद्ध केला होता. लिंग, ऋतू, जागा आणि शरीराची ठेवण यांनुसार ही खूण करण्याची पद्धत कशी बदलते, याची त्यात नोंद आहे. आपल्या गल्लीतील कुत्र्यावर शास्त्रीय निबंध होऊ शकतो, ही कल्पना अनेकांना गमतीची वाटेल. परंतु भारतातील मोकाट कुत्र्यांविषयी धोरण आखताना परदेशातील पट्टा बांधलेल्या कुत्र्यांवरील अभ्यासापेक्षा हेच काम अधिक उपयोगी आहे.

भाद्रपदच का?

घरात वाढणाऱ्या विलायती जातींच्या माद्या सामान्यतः वर्षातून दोनदा माजावर येतात आणि त्यांचा ऋतू ठरलेला नसतो. भारतातील मोकाट कुत्र्यांमध्ये मात्र बहुतेक माद्या वर्षातून एकदाच, पावसाळ्याच्या मध्यापासून अखेरीपर्यंतच्या काळात माजावर येतात. गर्भकाळ सुमारे ६३ दिवसांचा असल्याने पिले कार्तिक-मार्गशीर्षात, थंडीच्या तोंडावर जन्मतात. बंगालमधील शास्त्रज्ञांनी केलेल्या नोंदी आणि मराठी पंचांगाच्या आधारे रूढ झालेला वाक्प्रचार यांचा मेळ असा बसतो.

नराचा स्वतःचा असा ठराविक ऋतू नसतो; तो बारमाही प्रजननक्षम असतो. त्याला चेतविणारी गोष्ट म्हणजे मादीचा गंध. गावातील बहुतेक माद्या एकाच सुमारास माजावर आल्या की आसपासचे सर्व नर एकाच वेळी हलतात. एका मादीमागे सात-आठ नरांची रांग, तीत गावातले चार आणि परगावचे तीन, हे दृश्य अशा वेळी सर्रास दिसते. वर्षभर आपापल्या हद्दीत राहणाऱ्या कुत्र्यांच्या सीमा या पाच-सहा आठवड्यांत पुसल्या जातात. अनोळखी नर एकत्र येतात, हुंगतात, चाटतात आणि चावतात. रोगजंतूंच्या दृष्टीने याहून सोयीची वेळ वर्षात दुसरी नसते.

येथे एका गैरसमजाचाही उल्लेख करायला हवा. कुत्र्यांच्या टोळीत एक ‘दादा’ असतो, तो सर्वांना धाकात ठेवतो आणि म्हणून माणसानेही कुत्र्याला मारून-दडपून आपणच दादा असल्याचे दाखवावे, असे सांगणारे आजही भेटतात. या कल्पनेचे मूळ बंदिस्त जागेत एकत्र कोंडलेल्या अनोळखी लांडग्यांच्या निरीक्षणात आहे. ती कल्पना जगभर पोचविणाऱ्यांपैकी एक असलेले अमेरिकी लांडगातज्ज्ञ डेव्हिड मीच यांनीच १९९९ मध्ये तिची दुरुस्ती केली. निसर्गातील लांडग्यांचा कळप म्हणजे बहुधा आई-बाप आणि त्यांची पिले असे कुटुंब असते, हे त्यांनी दाखविले. मोकाट कुत्र्यांमध्ये श्रेणी असते, हे इटलीतील रोमजवळच्या अभ्यासांतून दिसले आहे. परंतु ती बरीचशी वयावर आधारलेली असते आणि रोज उठून मारामारीने ठरत नाही. नर म्हणजे केवळ भांडखोर, हेही अर्धसत्यच आहे. बंगालमधील निरीक्षणांत काही नर पिलांजवळ थांबून त्यांची राखण करतानाही आढळले आहेत.

जंगलाच्या वाटेवर

मेळघाटातील कोरकू शेतकरी असो वा गवळी पशुपालक, कुत्रा त्याच्यासाठी हौसेचा प्राणी नाही. रात्री गोठ्याजवळ बिबट्या आल्याची पहिली खबर कुत्रा देतो. मक्याच्या आणि ज्वारीच्या शेतात रानडुकरे शिरली की त्यांच्यावर भुंकण्याचे काम तोच करतो. गुरांमागे रानात जातो तोही तोच. ‘जंगलातील गावांतून कुत्री काढून टाका’ असे शहरात बसून म्हणणे त्यामुळे सोपे असले, तरी ज्याच्या शेळ्या रात्री उघड्या गोठ्यात असतात त्याला ते पटणार नाही, आणि पटावे असा आग्रहही धरता येणार नाही.

अडचण अशी, की हा कुत्रा मालकाचा असला तरी बांधलेला नसतो. दिवसा तो राखणदार असतो. भाद्रपदाच्या रात्री प्रवासी होतो. त्यात पर्यटनाची भर पडते. सेमाडोह आणि कोलकास येथे येणारे पर्यटक आणि रस्त्यावरील खाणावळी यांच्या उष्ट्यावर आणखी काही कुत्री सहज पोसली जातात. या साऱ्या कुत्र्यांच्या अंगातून तीन प्रकारचे रोग प्रवास करू शकतात आणि तिन्हींचा नरांच्या वागण्याशी थेट संबंध आहे.

पहिला रोग आपल्याकडे फारसा परिचित नाही. कुत्र्यांमध्ये एक संसर्गजन्य अर्बुद आढळते. येथे विषाणू पसरत नाही; कर्करोगाची पेशीच एका कुत्र्याच्या अंगातून दुसऱ्याच्या अंगात जाऊन रुजते. हजारो वर्षांपूर्वी एका कुत्र्यात जन्मलेला हा कर्करोग संभोगातून आणि हुंगण्या-चाटण्यातून आजही जगभर, भारतातही, टिकून आहे. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात असे दिसले, की या अर्बुदाचा नाका-तोंडातील प्रकार माद्यांच्या तुलनेत नरांमध्ये चार ते पाच पट अधिक आढळतो. नर अधिक हुंगतात व चाटतात, हे त्याचे संभाव्य कारण अभ्यासकांनी दिले आहे. ज्या वर्तनाला आपण केवळ खोड समजतो, त्याची किंमत शरीराला अशी मोजावी लागते.

दुसरा रोग म्हणजे रेबीज. तो चाव्यातून पसरतो, आणि नर सर्वाधिक चावे घेतात व खातात ते याच हंगामात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या अलीकडील अभ्यासात देशात दरवर्षी सुमारे ५,७०० माणसे रेबीजने दगावत असल्याचा अंदाज वर्तविण्यात आला. हा आकडा जुन्या अंदाजांपेक्षा पुष्कळ कमी असला, तरी लसीने पूर्णतः टाळता येणाऱ्या रोगासाठी तो लाजिरवाणाच म्हणावा लागेल. रेबीज केवळ माणसालाच मारतो असेही नाही. इथिओपियाच्या बेल पर्वतातील अत्यंत दुर्मीळ लांडग्यांमध्ये १९९०च्या दशकाच्या प्रारंभी आणि पुन्हा २००३ मध्ये रेबीजची साथ आली, ती गुराख्यांच्या कुत्र्यांकडून. मेळघाटच्या रानकुत्र्यांचाही असाच कळप असतो. सारे एकत्र शिकार करतात, एकत्र खातात, एकमेकांची तोंडे चाटतात. कळपातील एकाला लागण झाली तर बाकीचे सुटणे कठीण. आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघाच्या मूल्यांकनानुसार जगात प्रौढ रानकुत्र्यांची संख्या अडीच हजारांहून कमी आहे, हे लक्षात घेता एका कळपाचे जाणे किती महाग आहे ते कळते.

तिसरा रोग कॅनाइन डिस्टेंपर. त्याचा विषाणू श्वासातून आणि नाका-तोंडाच्या स्रावातून पसरतो. एकमेकांचे नाक हुंगणे एवढे निमित्त त्याला पुरते. २०१८ च्या सप्टेंबरमध्ये गुजरातमधील गीरच्या दलखाणिया परिक्षेत्रात वीसहून अधिक सिंह दगावले, तेव्हा या विषाणूचे नाव वृत्तपत्रांत झळकले. त्याआधी १९९४ मध्ये आफ्रिकेतील सेरेंगेटीत याच रोगाने सिंहांची सुमारे एक तृतीयांश संख्या कमी केली होती. रशियाच्या अतिपूर्वेकडील वाघांमध्येही त्याचे बळी नोंदले गेले आहेत. महाराष्ट्रही यापासून दूर नाही. सोलापूर जिल्ह्यातील नान्नजच्या माळढोक अभयारण्याच्या परिसरात संशोधक अनिरुद्ध बेलसरे, अबी वनक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या, २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गावांतील बहुसंख्य कुत्र्यांच्या रक्तात डिस्टेंपर, पार्वो यांसारख्या विषाणूंच्या संसर्गाच्या खुणा सापडल्या. त्याच परिसरात राहणाऱ्या खोकडांपर्यंतही हे विषाणू पोचले होते.

रक्ताचा नव्हे, रोगाचा धोका

भटक्या कुत्र्यांचा वन्यजीवांना होणारा त्रास हा विषय निघाला की संकराची चर्चा हमखास होते. ती निराधार नाही. पुण्याजवळच्या माळरानावर लांडगा व कुत्रा यांचा संकर झाल्याचे २०२३ मध्ये जनुकीय तपासणीतून सिद्ध झाले. जगभरच्या नोंदी पाहता अशा संकरात नर बहुधा कुत्रा आणि मादी लांडगी असते. म्हणजे येथेही कारण तेच : मादीच्या शोधात हद्द ओलांडणारा गावचा नर.

मेळघाटातील रानकुत्र्याचे मात्र तसे नाही. नावात ‘कुत्रा’ असला तरी तो वेगळ्या प्रजातीचा प्राणी आहे. पाळीव कुत्र्याशी त्याचा संकर झाल्याचे ज्ञात नाही. त्यामुळे येथे धोका रक्ताचा नसून रोगाचा आहे. शिकारीच्या स्पर्धेचा व थेट हल्ल्याचा धोका आहेच. भारतातील घटनांची छाननी करून २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कुत्र्यांनी वन्य प्राण्यांच्या ८० प्रजातींवर हल्ले केल्याचे आणि त्यांपैकी ३१ प्रजाती धोक्यात असलेल्यांच्या यादीत असल्याचे नमूद आहे.

अर्थात हे नाते एकतर्फी नाही. नगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातील अकोले परिसरात विद्या अत्रेय व सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात बिबट्याच्या आहारातील, वजनाच्या हिशेबाने, सुमारे ३९ टक्के वाटा पाळीव व भटक्या कुत्र्यांचा निघाला. बिबट्या कुत्रा खातो, म्हणजे कुत्र्याचा रोगही त्याच्यापर्यंत पोचू शकतो. उलट, गावातील कुत्री एका झटक्यात नाहीशी केली तर त्याच बिबट्याची नजर शेळीकडे वळू शकते. साधे वाटणारे उपाय अरण्यात साधे राहत नाहीत, ते असे.

नसबंदी : काय होते, काय होत नाही

‘नरांची नसबंदी केली की सारे शांत होईल’ असा एक सार्वत्रिक समज आहे. तो तपासून पाहिला पाहिजे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठात १९७६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, खच्चीकरण केलेल्या पाळीव नरांपैकी सुमारे ९० टक्क्यांची भटकंती कमी झाल्याचे आढळले. अन्य नरांशी होणारी भांडणे सुमारे ६० टक्के कुत्र्यांत, तर मूत्राने खुणा करणे निम्म्या कुत्र्यांत कमी झाले. त्याच विद्यापीठातील १९९७ च्या अभ्यासाने पुढचा मुद्दा मांडला. नर-नरांतील चढाओढ कमी होत असली, तरी भीतीपोटी किंवा आपल्या जागेच्या राखणीसाठी दाखविला जाणारा आक्रमकपणा या शस्त्रक्रियेने तितकासा कमी होत नाही.

हे झाले घरच्या कुत्र्यांचे. मोकाट नरांवर असे प्रयोग फार थोडे झाले आहेत. चिलीमधील पुएर्तो नातालेस शहरातील प्रयोगाचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले, ते अपेक्षाभंग करणारे होते. शस्त्रक्रिया केलेल्या मोकाट नरांच्या वावराच्या क्षेत्रात किंवा आक्रमकतेत लक्षणीय घट झाली नाही. इंजेक्शनद्वारे रासायनिक पद्धतीने वंध्य केलेल्या नरांमध्ये तर अन्य कुत्र्यांवर धावून जाण्याचे प्रमाण वाढलेले दिसले.

संख्येच्या बाबतीत गणित आणखी स्पष्ट आहे. दहा नरांपैकी नऊ वंध्य केले, तरी उरलेला एक गावातील सर्व माद्यांना पुरतो. आणि तोही नसला तर भाद्रपदात शेजारच्या गावाहून येतो. मादीवरची एक शस्त्रक्रिया मात्र पिलांचा एक पूर्ण वेत टाळते आणि त्याबरोबर तिचा माजही जातो. माजच नसेल तर नरांची रांग लागत नाही, मारामारी होत नाही, परगावचे पाहुणे येत नाहीत. नरांचे वागणे बदलण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग माद्यांच्या शस्त्रक्रियेतून जातो, असा याचा अर्थ आहे. साधने तोकडी असलेल्या दुर्गम भागात पैसा आणि भूल देण्याची औषधे प्रथम कोणावर खर्च करायची, याचे उत्तर त्यातच आहे.

कायद्यातील रिकामी जागा

प्राणी जन्म नियंत्रणाचे नियम देशात २००१ मध्ये आले आणि २०२३ मध्ये त्यांची जागा नव्या नियमांनी घेतली. कुत्रा पकडावा, त्याची नसबंदी व लसीकरण करावे आणि जेथून उचलला तेथेच सोडावा, हे त्यांचे सूत्र आहे. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्टला दिल्ली परिसरातील भटकी कुत्री निवाऱ्यात हलविण्याचा आदेश दिला. २२ ऑगस्टला त्यात बदल करून, रेबीजग्रस्त व आक्रमक कुत्री वगळता इतरांना लस व नसबंदीनंतर मूळ जागी सोडण्यास मुभा दिली. ७ नोव्हेंबरला शाळा, रुग्णालये, बसस्थानके, रेल्वेस्थानके व क्रीडासंकुले यांच्या आवारातून पकडलेली कुत्री पुन्हा तेथे न सोडण्याचे निर्देश दिले. या साऱ्या मांडणीत महापालिका, निवारा, प्रभाग हे शब्द पुन्हा पुन्हा येतात. जेथे पशुवैद्यकाला पोचायलाच घाट ओलांडावा लागतो, त्या ढान्याचे काय, याचे उत्तर त्यात शोधावे लागते.

वन्यजीव संरक्षण कायद्याकडे पाहिले तर तेथेही एक रिकामी जागा दिसते. या कायद्याच्या ३३-अ कलमानुसार अभयारण्यात किंवा त्यापासून पाच किलोमीटरच्या आत असलेल्या पशुधनाला संसर्गजन्य रोगांविरुद्ध लस टोचण्याची व्यवस्था मुख्य वन्यजीव रक्षकांनी करायची आहे. परंतु ‘पशुधन’ या शब्दाच्या व्याख्येत म्हैस, गाय, बैल, शेळी, मेंढी, घोडा, गाढव, डुक्कर, इतकेच नव्हे तर बदक व कोंबडी यांची नावे असताना कुत्र्याचे नाव नाही. म्हणजे गावातील ज्या प्राण्यापासून रानकुत्र्याला, बिबट्याला व वाघाला सर्वांत जवळचा धोका संभवतो, तोच कलमाच्या शब्दांतून निसटला आहे. त्याला लस देण्यास कायदा मज्जाव करीत नाही. परंतु ती देण्याचे बंधनही कोणावर स्पष्टपणे टाकीत नाही. आणि शासकीय व्यवहारात ज्याचे बंधन नाही त्याची तरतूद नसते, हे वेगळे सांगायला नको.

पोळ्याआधीची लस

मग करता काय येईल? उत्तर कुत्र्याच्या पंचांगातच आहे. मोकाट पिलांचा जन्म थंडीत होतो. त्यांतील फार थोडी जगतात. कोलकात्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेच्या २०१६ मधील अभ्यासात सात महिन्यांपर्यंत जगलेल्या पिलांचे प्रमाण अवघे १९ टक्के होते. जी जगतात ती वैशाख-ज्येष्ठात पाच-सहा महिन्यांची, म्हणजे रेबीजची लस देण्याजोगी होतात. लस दिल्यानंतर पुरेशी प्रतिकारशक्ती तयार होण्यास काही आठवडे लागतात. तेव्हा पाऊस सुरू होण्यापूर्वी लस दिली, तर पहिला भाद्रपद पाहणारा तरुण नरही संरक्षण घेऊनच भटकंतीला निघेल. पावसाळ्यात नाले भरले की आतील गावे गाठणे अवघड होते. त्यामुळे श्रावणात जागे होऊन उपयोग नाही.

यासाठी नवी यंत्रणा उभारण्याचीही गरज नाही. पावसाळ्यापूर्वी गुरांना घटसर्प व फऱ्या या रोगांची लस टोचण्याची प्रथा ग्रामीण महाराष्ट्रात जुनी आहे. गुरे ज्या दिवशी एकत्र आणली जातात, त्याच दिवशी, त्याच शीतपेटीतून आणलेली रेबीजची लस गुराख्याच्या कुत्र्यालाही देता येईल. कुत्र्याला मालक आहे, तो हाकेला येतो, मालकाच्या हातात शांत राहतो; शहरातल्या भटक्या कुत्र्याला जाळीने पकडण्यापेक्षा हे कितीतरी सोपे आहे. त्याच शिबिरात माद्यांची यादी करून शस्त्रक्रियेचे नियोजन हिवाळ्यानंतरच्या कोरड्या दिवसांसाठी करता येईल.

हे स्वप्नरंजन नव्हे. शेजारच्या गोव्याने गावोगाव फिरून वर्षाला सुमारे ९५ हजार कुत्र्यांना लस दिली. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार तेथे कुत्र्यांमधील रेबीजच्या मासिक घटनांत ९२ टक्के घट झाली. सुमारे ७० टक्के कुत्र्यांना लस मिळाली की रेबीजची साखळी तुटते, हे जागतिक आरोग्य संघटनेचे सूत्र आहे. केंद्र सरकारनेही २०२१ मध्ये जाहीर केलेल्या राष्ट्रीय कृती आराखड्यात कुत्र्यांद्वारे पसरणाऱ्या रेबीजच्या निर्मूलनासाठी २०३० हे वर्ष ठरविले आहे.

डिस्टेंपरबाबत मात्र इतक्या ठामपणे बोलता येत नाही. रशियातील वाघांवरील २०२० च्या अभ्यासात विषाणूचा मुख्य साठा कुत्र्यांत नव्हे, तर इतर वन्य मांसाहारी प्राण्यांत असल्याचे दिसले. सेरेंगेटीतही कुत्र्यांना लस देऊन सिंहांमधील संसर्ग पूर्णपणे थांबला नाही. त्यामुळे कुत्र्यांना लस दिली की वाघ सुरक्षित, असे आश्वासन कोणी देऊ नये. आधी मेळघाटच्या गावांतील कुत्र्यांचे रक्त तपासून स्थिती जाणून घेणे आणि मग ठरविणे, हाच शहाणपणाचा क्रम होय. रेबीजसाठी मात्र थांबण्याचे कारण नाही. त्या रोगाचा साठा कुत्र्यातच आहे आणि उपायही हाताशी आहे.

तोवर गावकऱ्यांनी व पर्यटकांनी काही साधी पथ्ये पाळली तरी बरेच साधेल. मादीमागे लागलेल्या नरांच्या घोळक्यावर मुलांनी दगड मारू नयेत. चवताळलेला नर अशा वेळी समोर येईल त्याला चावतो. दोन कुत्र्यांच्या भांडणात हात घालू नये, लांबून पाणी मारावे. उष्टे उघड्यावर टाकू नये. आणि कुत्रा चावलाच, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने किमान १५ मिनिटे धुऊन त्याच दिवशी दवाखाना गाठावा. हळद, चुना, मिरची लावून घरी थांबणे जिवावर बेतू शकते.

नर कुत्र्याचे भाद्रपदातील वागणे हा त्याचा गुन्हा नाही, विकृतीही नाही. हजारो वर्षे तो असाच वागत आला आहे आणि पुढच्या पोळ्यानंतरही असाच वागणार आहे. त्याला रोखणे आपल्या हाती फारसे नाही. तो निघण्यापूर्वी त्याच्या अंगात लस असेल की रोग, एवढे मात्र आपल्या हाती आहे. सिपनेला पूर येण्याआधी ते ठरवावे लागेल.